धाकटी काय म्हणते?

मंगळवार, ३ मार्च

ही वही बैठकीची नाही. बैठकीची वही लाँड्रीतल्या कपाटात आहे, बारा वर्षं मीच लिहितेय, आणि तिच्यात एकही खोटं वाक्य नाही. ही माझी. हिच्यात वाट्टेल ते.

तर वाट्टेल ते: गेल्या गुरुवारी धाकटीने 'माझं चुकलं' म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! चुकल्याबद्दल!

आमच्या लाँड्रीला मालक नाही. एकोणीस भागीदार आहोत, दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, बाळांची दुपटी धुतो, आणि जे काही ठरतं ते गुरुवारी सगळ्यांनी मिळून ठरतं. दुपारची शेवटची खेप मोठ्या ड्रममध्ये टाकायची, बटण दाबायचं, उलट्या टोपल्यांवर बसायचं आणि बोलायला लागायचं. ड्रम थांबला की घंटा होते. घंटा झाली की तोंडं बंद, हात वर. एक धुणं, एक बैठक. लोक चऱ्हाट लावत बसू नयेत म्हणून सुरुवातीलाच असं ठरवलं होतं. मी चिटणीस. मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा.

धाकटी माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी लहान. सहा महिन्यांपूर्वी मीच तिला इथे आणली. महिन्याभरापूर्वी तिने भांडून भांडून ठराव करून घेतला की गाडी आठऐवजी दहाला सोडायची. गाडीवाला नको नको म्हणत होता. आणि गेल्या गुरुवारी स्वतःच उठली. "माझं चुकलं. मी वॉर्डात जाऊन बघून आले. दहाला गाडी गेली की अंघोळीच्या वेळेला त्यांच्याकडे धुतलेल्या चादरीच नसतात. गाडी परत आठला करूया." पहिली टाळी गाडीवाल्यानेच वाजवली. मग बाकीच्यांनी.

मी बारा वर्षांत एकदाही चुकले नाही. मला कोणी टाळी वाजवलेली आठवत नाही.

गुरुवार, ५ मार्च

आजचा विषय, नवा पंखा कुठे लावायचा. इस्त्रीच्या रोलरपाशी की घडीच्या टेबलापाशी. माझं ठरलेलं होतं, टेबलापाशी. वहीत अर्धं वाक्य लिहूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात धाकटी. "टेबलापाशी दिवसभर उभं कोण असतं? त्यांना कोणी विचारलं का?"

म्हणजे घडीवालीला. घडीवाली सात वर्षं आमच्यात आहे आणि माझ्या वहीत तिच्यापुढे एकच शब्द आहे: हजर. आज ती अकरा मिनिटं बोलली. मी घड्याळ लावून बघितलं. म्हणाली पंखा नकोच, पंख्याने दुपटी उडतात, एकेक घडी दोनदा घालावी लागते. खिडकीचं एक तावदान अडकलंय, ते सोडवा, झालं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

माझ्या आलं होतं. ते तावदान अडकलेलं नाही. चार वर्षांपूर्वी वाऱ्याने आपटायचं म्हणून मीच त्याला खिळा मारलाय. पण हे सांगायला वेळ झाला नाही, घंटा झाली.

जाताना गाडीवाला म्हणाला, "ताई, तुमची धाकटी म्हणजे ना... घडीवालीला आवाज आहे हे आज कळलं." तुमची! मी काय तिला दुकानातून आणलीय?

शुक्रवार, ६ मार्च

दार उघडताच आई: "धाकटी येतेय का आज?"

"मी आलेय. चालेल?"

"तसं नाही गं. ती आली की बरं वाटतं. माझ्या गुडघ्याचं विचारते आणि मग उत्तर होईपर्यंत थांबते."

आई माझ्याकडे राहते. गोळ्या मी आणते, डॉक्टरकडे मी नेते, शेक मी देते. धाकटी दोन गल्ल्या सोडून राहते आणि विचारते.

जेवताना नवऱ्याला म्हटलं, या बयेत एवढं आहे तरी काय? तो विचार करून म्हणाला, "ती ऐकत असली की आपल्याला वाटतं, आपण काहीतरी हुशार बोलतोय."

"आणि मी ऐकत असले की?"

तो उठून भांडी पुसायला लागला. पुसलेलीच भांडी. म्हटलं, बोल ना. "तू ऐकताना," तो म्हणाला, "तू पुढचं वाक्य जुळवत असतेस. चेहऱ्यावर दिसतं." आणि मी ताबडतोब म्हणाले, हे चूक आहे. तो म्हणाला, बघ.

रविवार, ८ मार्च

आज सुट्टी. 'माझ्या चुका' असं वर लिहून पान मोकळं ठेवलं. अर्ध्या तासात एक सुचली.

~~१. धाकटीला लाँड्रीत आणलं.~~

ही चालणार नाही. मोठ्याने सांगण्यासारखी पाहिजे. छोटी, गोंडस, कोणाचं नुकसान न करणारी.

आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. माझं चुकलं. पहिल्यांदा धमकी दिल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा उपकार केल्यासारखं. धाकटी म्हणताना जरा हसते, खांदे पाडते आणि ज्याचं बरोबर होतं त्याच्याकडे बघते. खांदे पाडले. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "काय चुकलं गं?"

"काही नाही!"

मंगळवार, १० मार्च

सापडली. चूक सापडली!

पावडर बदललीय. आज नवी पोती आली, आत सूचनांचं पत्रक. अशी पत्रकं नेहमी मीच वाचते आणि गुरुवारी सांगते, बाकी कोणी हात लावत नाही. पत्रकात जुनंच आहे. दवाखान्याचे कपडे सत्तर अंश, दहा मिनिटं, त्याखाली नको, जंतू मरत नाहीत. हे इथे भिंतींनाही पाठ आहे. बॉयलरवाले काका चौदा वर्षं काटा सत्तरवर ठेवतायत.

तर मी गुरुवारी म्हणायचं, साठ. म्हटल्या म्हटल्या काका ओरडणार, ताई, सत्तर! मग मी कपाळाला हात लावणार, खांदे पाडणार, काकांकडे बघून म्हणणार, अगं बाई, माझं चुकलं, वाचताना गडबड झाली. हशा. टाळी. एका मिनिटाचं काम. काकांनाही बरं वाटेल.

एवढी ढोबळ चूक कोण सोडेल?

गुरुवार, १२ मार्च

सोडली.

नीट लिहिते. ड्रम सुरू झाला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नव्या पावडरच्या पत्रकात लिहिलंय, साठ अंश पुरे. उद्यापासून काटा साठवर." आणि काकांकडे बघत थांबले. काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग हातातलं फडकं झटकलं आणि म्हणाले, "बरं."

बरं?

मी परत म्हणाले, जरा मोठ्याने, "साठ, हं! सत्तर नाही, साठ." म्हटलं, आता तरी. गाडीवाला म्हणाला, "झकास! पाणी लवकर तापेल, रोज लवकर घरी." कोणीतरी म्हणालं, बघा, म्हणून ताई पाहिजेत, एवढं बारीक कोण वाचतं. सगळे खूश. मी खांदे पाडायच्या बेतात अर्धवट उभी, आणि पाडायला कारणच मिळेना. ठीक आहे, म्हटलं, स्वतःच सांगू. तोंड उघडलं.

आणि धाकटीचा हात वर. "ताई, पत्रक बघायला मिळेल?"

माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. काकांनी विचारलं असतं तर मी हसले असते. घडीवालीने विचारलं असतं तरी. पण हिने विचारलं, त्या शांत आवाजात, आणि सगळी डोकी नेहमीसारखी तिच्याकडे वळली.

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे. पण बघायचंय."

"घरी राहिलं." पत्रक माझ्या एप्रनच्या खिशात होतं.

"मग पुढच्या गुरुवारी ठरवूया का? पत्रक बघून?"

आणि मग ते झालं. डोकी परत वळली. माझ्याकडे. गाडीवाला म्हणाला, "काय गं तू पण, सख्ख्या बहिणीवर शंका!" कोणीतरी च्च केलं. मागून कोणीतरी म्हणालं, शंकेखोर. हसले सगळे. धाकटी लाल झाली. लहानपणी व्हायची तशी, आधी कान.

घंटा झाली. अठरा विरुद्ध एक.

"माझा विरोध वहीत लिही," ती म्हणाली. लिहिला. वरच्या ओळीत लिहिलं, 'पत्रकाप्रमाणे साठ अंश'. बारा वर्षांतलं पहिलं खोटं वाक्य. अक्षर छान आलं.

सोमवार, १६ मार्च

पुढच्या गुरुवारी सांगेन. तीन दिवसांनी काय होतंय? सांगताना मजाच येईल, आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून सगळे स्वतःवरच हसतील.

रोज पाऊण तास लवकर सुटतोय. काकांनी मला चहा दिला, स्वतःच्या थर्मासमधला. चौदा वर्षांत त्यांनी तो कोणाला दिलेला नाही.

धाकटीची पाळी ड्रमवर आहे. मला वाटलं होतं मुद्दाम सत्तरवर ठेवेल, मग मला बोलता येईल. गुपचूप जाऊन काटा बघितला. साठ. ठरलंय म्हणून साठ. हरल्यावर कशी वागते बघा, म्हणजे तिथेही नाव ठेवायला जागा नाही.

गुरुवार, १९ मार्च

नाही सांगितलं.

वेळच मिळाला नाही. साठवर धुणं लवकर होतं ना, तर बैठकही अकरा मिनिटांनी आखडली. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडीच्या टायरचं बोलण्यातच घंटा झाली. धाकटी उभी राहिली होती, तोंड उघडलं होतं, आणि घंटा. नियम म्हणजे नियम. ती खाली बसली.

वेळ मिळाला नाही हे खरंय.

पत्रक या वहीतच आहे, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात. फाडणार होते. फाडलं नाही. का, माहीत नाही.

शनिवार, २१ मार्च

डबा खाताना धाकटी शेजारी येऊन बसली. "ताई, सापडलं का?"

"काय?"

"पत्रक गं."

"तुला दुसरं काही सुचत नाही का?"

"सुचतं की. पण हे राहिलंय." मग तिचं डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं ते माझ्यापुढे केलं. लहानपणापासून मीच उघडून देते. उघडून दिलं. म्हणाली, "मी पावडरच्या कंपनीला पत्र टाकलंय. उत्तर आलं की तुझा त्रास वाचेल, शोधायचा."

माझा त्रास!

ती खरंच असं समजते की नाटक करते, हे मला एकोणतीस वर्षांत कळलेलं नाही.

मंगळवार, २४ मार्च

दवाखान्यातून मोठ्या सिस्टरचा फोन. बाळांच्या वॉर्डात तिघांच्या अंगावर पुरळ आलंय. पाणी, दूध, औषधं, कपडे, सगळ्यांकडे चौकशी चाललीय. "तुमच्याकडे काही बदल केलाय का हल्ली?"

मी म्हणाले, "पावडर बदललीय."

"बाकी सगळं तेच?"

काका समोरच वाल्व पुसत होते. ऐकत होते. मी म्हणाले, "बाकी तेच."

फोन ठेवला. काका पुसतच राहिले. वाल्व चकाकत होता.

घरी आल्यावर आईचा टॉवेल हातात घेतला आणि किती वेळ तशीच उभी. दुपटं केवढं असतं? या टॉवेलाच्या अर्धं. त्यात तोंड खुपसून झोपतात ती.

बुधवार, २५ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले आणि काटा सत्तरवर सरकवला. कोणाला न सांगता. तासाभराने बघितलं, साठ. धाकटीने परत साठ केला होता. "कोणीतरी हलवला होता," ती म्हणाली. "बदलायचा तर बैठकीत बदलूया ना. असा गुपचूप कशाला?"

हिला हाणावीशी वाटली. हिच्यासमोर रडावंसंही वाटलं.

उद्या सांगणार. काय वाट्टेल ते होवो.

गुरुवार, २६ मार्च

जे झालं ते झालं तसं.

दुपारी फोन आला. मोठी सिस्टर. पुरळ एका मलमामुळे होतं, मलम बंद केलं, पोरं सुधारतायत. तुमच्या दोन चादरी आणि एक दुपटं तपासलं, काही सापडलं नाही.

मी खुर्चीत बसले. बसलेच. सुटले! कोणाला काही सांगायची गरज नाही. आज म्हणायचं, जंतूंचं नीट कळेपर्यंत काटा परत सत्तरवर ठेवूया, आपण काळजी घेतलेली बरी. सगळे म्हणतील, बघा, किती काळजी करतात ताई. शाबासकीसुद्धा मिळाली असती. मी वाक्य जुळवून ठेवलं.

ड्रम सुरू झाला. फोनचं सांगितलं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आणि मी पुढचं बोलणार तोच धाकटी उठली. घंटेआधी बोलून घ्यायचं म्हणून भराभर बोलली.

"मला एक सांगायचंय. कंपनीचं उत्तर आलेलं नाही. पण दवाखान्याने कपडे तपासले आणि ते चांगले निघाले. म्हणजे साठ पुरतं असं दिसतंय. माझं चुकलं. मी ताईवर उगाच शंका घेतली, आणि तुम्हा सगळ्यांसमोर घेतली, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते." खांदे पाडले. जरा हसली. माझ्याकडे बघितलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या थापेवर. माझ्या थापेवरसुद्धा टाळ्या तिलाच! डोकं असं सणकलं की लाज, भीती, सगळं बाजूला राहिलं. मी ओरडलेच, "खाली बस! तू चुकलेली नाहीस! तू कुठे चुकलीस? मी चुकलेय!"

पाकिटातून पत्रक काढून आणलेलंच होतं. गाडीवाल्याच्या हातात दिलं. म्हणाले, वाच. त्याने वाचलं, सत्तर अंश, दहा मिनिटं, त्याखाली नको. मग मी सगळं सांगितलं. आरशाचंसुद्धा. कोणी ओरडेल म्हणून मुद्दाम साठ म्हणाले, कोणी ओरडलं नाही, हिने विचारलं म्हणून चिडले, तुम्ही सगळे माझ्या बाजूने हसलात ते गोड लागलं, आणि मग राहिलं ते राहिलंच.

मी थांबले. ड्रम फिरत होता.

टाळी नाही. म्हणजे मला नकोच होती, पण एवढ्या शांततेत ड्रमचा आवाज किती मोठा येतो.

काका म्हणाले, "मला ठाऊक होतं की."

"काय?"

"सत्तर ते. चौदा वर्षं मी काय करतोय? पण ताई म्हणतायत म्हटल्यावर मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. पत्रक वगैरे आपण कुठे वाचतो." त्यांनी डोळ्यांना फडकं लावलं. "परवा फोनवर 'बाकी तेच' म्हणालात, तेही ऐकलं मी."

मग घडीवाली उठली. कोणी न विचारता. "आणखी कोणाकोणाला माहीत होतं? हात वर करा."

एक. तीन. सहा. मी मोजत गेले. अकरा हात. घडीवालीचा स्वतःचा धरून.

"आणि आपण हिला शंकेखोर म्हणत होतो," घडीवाली म्हणाली आणि खाली बसली.

घंटा झाली. ठराव: काटा सत्तरवर. दवाखान्याला आत्ताच्या आत्ता खरं कळवायचं. दोन आठवड्यांचे सगळे कपडे परत आणून परत धुवायचे. एकोणीस विरुद्ध शून्य. फोन मी केला. मोठी सिस्टर म्हणाली, "गाडी पाठवा. आणि यापुढे महिनाभर प्रत्येक खेप मी तपासणार."

बाहेर धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"दोन आठवडे माझ्यावर हसत होते. तू बघत होतीस."

"हो."

"मजा आली?"

मी नाही म्हणणार होते. "आली."

"निदान हे तरी खरं बोललीस," ती म्हणाली आणि गेली.

रविवार, २९ मार्च

तीन दिवस धुतोय. सुट्टीही गेली. हात सोलवटलेत सगळ्यांचे. कोणी मला टाकून बोलत नाही, आणि तेच वाईट आहे, 'ताई, जरा सरका' इतकंच म्हणतात.

धाकटीने दुपारी सगळ्यांसमोर मांडलं, "ताईने चिटणीस राहायचं की नाही, हे कुजबुजून ठरायला नको. गुरुवारी चिठ्ठ्या टाकूया. हात वर नको, लोक तोंड बघून हात वर करतात."

वाटलंच होतं. एवढ्यासाठी चाललं होतं सगळं. खुर्ची पाहिजे बाईसाहेबांना.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "आणि ती जेवते का नीट? चेहरा उतरलाय तिचा."

गुरुवार, २ एप्रिल

चिठ्ठ्या टाकल्या. कागदाचे एकोणीस तुकडे, 'राहू दे' किंवा 'काढा'. घडी घालून धुतलेल्या टोपलीत.

माझी चिठ्ठी लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लिहितेच इथे, का ते. न्याय-बिय काही नाही. मला वाटलं, धाकटी 'काढा' लिहिणार, नक्की. आणि उद्या सगळे म्हणणार, सख्खी बहीण असून बघा, किती सरळ! म्हटलं, तेवढा मोठेपणा तरी तिला एकटीला का? सरळ मलाही वागता येतं. 'काढा' लिहिलं. नीट, गिरवून.

मोजायचं काम चिटणिसाचं. आजपर्यंत तरी मी होते. एकेक उघडून मोठ्याने वाचत गेले. काढा. राहू दे. राहू दे. काढा. बाराव्या चिठ्ठीवर पेन्सिल इतकी दाबून धरलेली की अक्षरं पाठीमागून बोटाला लागली. अशी दाबून या लाँड्रीत एकच बाई लिहिते. पाटीवर तिचा हात धरून मीच गिरवून घ्यायचे, तेव्हाही खडू मोडायची.

राहू दे.

मला वाचताच येईना. काका म्हणाले, "काय आहे ताई?" मी वाचलं, "राहू दे." आणि पुढची उघडली.

काढा दहा. राहू दे नऊ.

मी सांगितलं, "ठराव मंजूर. मी चिटणीस नाही." आवाज बरा निघाला.

धाकटी उठली. "एकाच मताचा फरक आहे. परत मोजूया."

"आता पुरे की!" गाडीवाला म्हणाला. "असा कुठे नियम आहे?"

"नसेल. पण फरक एकाचा आहे. ताई मोजेल, मी बघते."

ती टोपलीपाशी येऊन उभी राहिली. मी चिठ्ठी उघडायची, तिच्यापुढे धरायची, ती मान हलवायची, मी ठेवायची. तिची स्वतःची आली तेव्हा दोघींनीही ती इतरांसारखीच बघितली. मग माझी आली. माझं अक्षर तिला कळणार नाही असं कसं होईल, बारा वर्षांच्या वह्या आहेत, आणि त्याआधी पाटी. तिने मान हलवली नाही. चिठ्ठीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणाले नाही, चिठ्ठी गुप्त असते. तिने स्वतःच्या हाताने ती 'काढा'च्या ढिगावर ठेवली.

"दहा-नऊ," ती म्हणाली. "बरोबर मोजलंय."

वहीत शेवटचं लिहिलं, सही केली. बारा तारखेच्या पानावर ती खोटी ओळ होती, तिच्याखाली खरं काय ते लिहिलं आणि वही घडीवालीकडे दिली, नवा चिटणीस निवडेपर्यंत. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, दुपटं घेतल्यासारखी.

आणि धाकटी रडायला लागली. टोपलीपाशीच, उभ्या उभ्या, आधी कान लाल. झालं! सगळे धावले. काकांनी स्टूल आणलं, गाडीवाला पाठीवरून हात फिरवायला लागला, कोण म्हणतं वारा घाला, कोण म्हणतं पाणी आणा, किती मऊ मनाची आहे हो ही. पद गेलं माझं, आणि पाणी हिला!

ग्लास मीच विसळला. भरून मीच नेऊन दिला.